शाळा सुटली, तिथूनच धोका सुरू

जगात २०२१ मध्ये स्मृतिभ्रंशाचे सुमारे ५ कोटी ७० लाख रुग्ण होते. त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना, हा आजार असावा, असा ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं.

शिक्षणाचा अभाव हे या फरकामागचं एक मोठं कारण. आज सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आजींचं बालपण धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यात गेलं. पाटी हाती आलीच नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये कमी शिक्षणासह धोक्याचे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक मांडले. ते सगळे दूर झाले, तर जगातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असं हा आयोग म्हणतो. यादीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, दूषित हवा आहेच. पण ‘वयाप्रमाणे चालायचंच’ म्हणून आपण सोडून देतो ते कमी ऐकू येणं आणि उपचाराविना राहिलेलं अधू दिसणंही आहे. मोतीबिंदू वेळेत काढणं आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी बंद न करणं, हे गावातही जमण्यासारखं आहे.

शाळेप्रमाणे भाषांचाही संबंध दिसतो. हैदराबादच्या ‘निम्स’ रुग्णालयात स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला.