दुसऱ्याचे मूल

रहस्यकादंबरी वाचण्याची आपली एक ठरलेली रीत असते. रात्रीची जेवणे उरकली, पुस्तक हाती घेतले, की मनात एकच प्रश्न : गुन्हेगार कोण? धीर न धरवून शेवटचे पान आधी उघडणारे महाभागही घरोघर असतातच! परंतु एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाची १९५९ सालची ‘किंग्ज रॅन्सम’ ही कादंबरी अशा वाचकाला दाद देत नाही. येथे गुन्हेगार लपून राहत नाहीत. रहस्य असते ते ज्याच्या दारी संकट आले, त्या गृहस्थाच्या मनात.

डग्लस किंग हा जोडे तयार करणाऱ्या कंपनीतला बडा अधिकारी. अगदी खालच्या पायरीवरून वर आलेला. कंपनी आपल्या ताब्यात यावी म्हणून त्याने सारी पुंजी पणाला लावलेली असते. तोच टेलिफोन खणखणतो. मुलगा पळवला आहे, ५ लाख डॉलर द्या! किंग तत्काळ तयार होतो. आणि पाहतो तो काय, त्याचा बॉबी घरातच सुखरूप! चोरांनी चुकून नेलेला असतो तो त्याच्या शोफरचा मुलगा.

आता खंडणीचा आकडा तोच, मूलही तसेच कोवळे. बदलला तो फक्त बाप. आणि किंग नकार देतो. पत्नी निक्षून सांगते, शोफर काकुळतीला येतो. तो ढळत नाही. कारण पैसे दिले तर जन्मभराची कमाई गेली. तिकडे चोरांपैकी एकाची बायको मात्र त्या परक्या पोराला माया लावते. पुढे काय होते, ते येथे सांगून वाचकाचा विरस करीत नाही.

या कथेवरून जपानचे थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९६३ साली चित्रपट काढला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. त्यातला कारखानदार पुष्कळ घुटमळतो, पण अखेर ३ कोटी येन देतो आणि धुळीला मिळतो. १९७७ साली याच कथेचा ‘इन्कार’ हा हिंदी चित्रपट झाला. त्यातला उद्योगपती आपल्या डॉ. श्रीराम लागूंनी रंगवला. २०२५ साली स्पाइक ली यांनी ती न्यूयॉर्कला नेली.

एकाच प्रश्नाकडे इतके कलावंत का वळावेत? कारण उत्तर सोपे वाटते, पण तसे ते नाही. किंगला निर्दय म्हणून आपण पुस्तक मिटतो खरे. पण आपल्या मुलांबरोबर दारात खेळणारे मोलकरणीचे पोर कोणी चुकून नेले, आणि मोबदल्यात आपला राहता ब्लॉक मागितला तर? फराळाच्या ताटाभोवती सारी मंडळी जमली असता हा प्रश्न एकदा टाकून पाहावा. सर्वांआधी जो ‘देईन’ म्हणेल, त्याला हळूच आठवण द्यावी, की किंगही प्रथम ‘देतो’ असेच म्हणाला होता.