नाव मागे राहिले, गाणी सोबत आली: स्टीव्ह हॅकेट यांचे थेट ध्वनिमुद्रण आणि जुन्या बँडच्या गाण्यांवरील हक्क

सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात एकाच महिन्यात दोन निरनिराळ्या रंगमंचांवर काही गाणी तीच वाजली. शहरातील भव्य बंदिस्त क्रीडागारात फिल कॉलिन्स, टोनी बँक्स आणि माइक रदरफोर्ड यांचा 'जेनेसिस' हा बँड आपल्या अखेरच्या दौऱ्यातील कार्यक्रम करीत होता. तेथून काही अंतरावरील, सुमारे साडेतीन हजार श्रोत्यांच्या अपोलो सभागृहात त्याच बँडचे माजी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट स्वतःच्या चमूसह जेनेसिसचा एक संपूर्ण जुना संग्रह सादर करीत होते. अपोलोतील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण सप्टेंबर २०२२ मध्ये 'जेनेसिस रिव्हिजिटेड लाइव्ह: सेकंड्स आउट अँड मोअर' या नावाने प्रसिद्ध झाले.

बँड सोडून ४४ वर्षे झालेल्या वादकाला त्याच बँडची गाणी वाजवता येतात, ती विकता येतात आणि मुखपृष्ठावर बँडचे नावही एका विशेषणासह छापता येते. ते कसे, याचे उत्तर संगीताइतकेच कायद्यातही दडलेले आहे.

हॅकेट यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९५० रोजी लंडनमध्ये झाला. चार्टरहाउस या शाळेतील मित्रांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या जेनेसिसमध्ये ते मूळचे नव्हते. त्यांनी 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात दिलेली जाहिरात गायक पीटर गॅब्रिएल यांच्या पाहण्यात आली आणि १९७१ मध्ये ते बँडमध्ये दाखल झाले. 'नर्सरी क्राइम', 'फॉक्सट्रॉट', 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' आणि 'द लॅम लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या १९७१ ते १९७४ मधील संग्रहांनी प्रोग्रेसिव्ह रॉक या शैलीला आकार दिला. तीन-चार मिनिटांच्या गाण्याऐवजी अनेक खंडांत उलगडत जाणारी दीर्घ रचना हे या शैलीचे लक्षण. 'फॉक्सट्रॉट'मधील 'सपर्स रेडी' ही रचना सुमारे २३ मिनिटांची आहे.

गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडले आणि ढोलवादक कॉलिन्स मुख्य गायक झाले. पुढच्या दोन वर्षांत हॅकेट यांची घुसमट वाढत गेली. प्रत्येक संग्रहात आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळावी, ही त्यांची अपेक्षा मान्य झाली नाही. 'प्लीज डोन्ट टच' ही त्यांची रचना बँडने स्वीकारली नाही. पुढे १९७८ मध्ये त्यांनी आपल्या एकल संग्रहाला तेच नाव दिले. १९७७ मध्ये पॅरिसमधील कार्यक्रमांच्या 'सेकंड्स आउट' या दुहेरी थेट संग्रहाचे मिश्रण सुरू असतानाच ते बँडमधून निघून गेले.

याच कारणामुळे २०२१ मधील त्यांची निवड लक्षवेधी ठरते. त्यांनी पुन्हा वाजवण्यासाठी घेतला तो स्टुडिओतील संग्रह नव्हता. ज्याचे काम चालू असताना ते बँडपासून तुटले, तोच थेट संग्रह होता. त्या तबकडीत हॅकेट यांची गिटार फार मागे, दबलेली ऐकू येते, अशी रसिकांची जुनी तक्रार आहे. त्यांच्या जाण्याशी तिचा संबंध जोडला जातो. तो सिद्ध होण्यासारखा नाही. मात्र मिश्रणाच्या खोलीत जो बसतो, तोच कोणाचे वाद्य किती ऐकू यायचे हे ठरवतो, हे खरेच. थेट कार्यक्रमात प्रत्येक वाद्य आणि गायकाचा आवाज स्वतंत्र पट्टीवर मुद्रित होतो आणि त्यांचा परस्पर तोल नंतर साधला जातो. नव्या ध्वनिमुद्रणात ही सूत्रे हॅकेट यांच्या बाजूला आहेत. 'फर्थ ऑफ फिफ्थ'मधील त्यांची दीर्घ, लांबवलेल्या स्वरांची गिटार येथे आडपडद्याविना ऐकू येते.

हे अनुकरण नव्हे. १९७७ च्या जेनेसिसमध्ये सॅक्सोफोनवादक नव्हता. हॅकेट यांच्या चमूत रॉब टाउनसेंड सॅक्सोफोन व बासरी वाजवतात आणि 'आय नो व्हॉट आय लाइक' हे गाणे त्यांच्यामुळे जॅझच्या अंगाने बरेच फुलते. जुन्या आवृत्तीवर निष्ठा असलेल्यांना ते जरा जास्तच लांबलेले वाटू शकेल. गायक नॅड सिल्व्हन यांनी गॅब्रिएल किंवा कॉलिन्स यांच्या आवाजाची नक्कल केलेली नाही, हे बरेच झाले. रॉजर किंग (की-बोर्ड), योनास राइनगोल्ड (बास गिटार) आणि क्रेग ब्लंडेल (ड्रम) हे इतर वादक. जुन्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली प्रत्यक्ष वाद्यांचे स्वर मुद्रित केलेली चुंबकीय फीत असे आणि ती जेमतेम आठ सेकंद वाजे. ते अवजड, लहरी यंत्र दौऱ्यावर नेण्याऐवजी आज त्याचे स्वर संगणकीय नमुन्यांतून काढता येतात.

आता प्रश्न हक्कांचा. ध्वनिमुद्रित गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. पहिली मूळ रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात 'मास्टर' म्हणतात. तिसरी बँडचे नाव. बँड सोडणाऱ्याच्या हाती यांपैकी काय उरते, हे प्रत्येक वेळी वेगळे असते.

नाव सहसा मागे राहणाऱ्यांकडे राहते. पिंक फ्लॉइड सोडल्यावर रॉजर वॉटर्स यांनी त्या नावावरून १९८६ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. डिसेंबर १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नाव डेव्हिड गिल्मर व निक मेसन यांच्याकडे राहिले. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स यांनी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर 'द डार्क साइड ऑफ द मून' सादर केला, तो त्यामुळेच स्वतःच्या नावाने. हॅकेट यांचा दौराही हॅकेट यांचाच असतो. 'जेनेसिस' हा शब्द त्यांच्याकडे अनेकदा 'रिव्हिजिटेड' म्हणजे 'पुन्हा भेट' या शब्दासोबत येतो.

रचनेचे तसे नसते. ती एकदा प्रसिद्ध झाली की स्वामित्वशुल्क भरून कोणालाही सादर करता येते. ब्रिटनमध्ये जाहीर सादरीकरणाचे शुल्क पीआरएस ही रचनाकारांची संस्था गोळा करते, तर ध्वनिमुद्रणासाठी एमसीपीएस परवाना देते. रचनाकाराकडे व्यक्तिशः परवानगी मागण्याची वेळ सहसा येत नाही. यातून एक मजेशीर स्थिती उद्भवते. 'सपर्स रेडी' किंवा 'फर्थ ऑफ फिफ्थ'वर पाचही सदस्यांची नावे रचनाकार म्हणून आहेत, त्यामुळे त्यांच्या उत्पन्नात हॅकेट यांचाही वाटा असतो. मात्र 'ए ट्रिक ऑफ द टेल' या १९७६ मधील संग्रहापासून प्रत्येक गाण्याचे श्रेय स्वतंत्रपणे नोंदले जाऊ लागले. 'स्क्वाँक' बँक्स आणि रदरफोर्ड यांचे, तर 'आफ्टरग्लो' एकट्या बँक्स यांचे आहे. हॅकेट ही गाणी वाजवतात, तेव्हा रचनेचे शुल्क त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे जाते. एकाच कार्यक्रमात ते काही गाण्यांचे भागीदार असतात, तर काहींचे भाडेकरू.

राहिले मास्टर. १९७० च्या दशकातील मूळ ध्वनिमुद्रणावर एकट्या वादकाचा अधिकार चालत नाही. नव्याने वाजवले की नवे मास्टर तयार होते आणि त्याच्या अटी नव्या करारात ठरतात. टेलर स्विफ्ट या गायिकेने आपले जुने संग्रह पुन्हा मुद्रित केले त्यामागेही हेच तत्त्व होते.

भारतातही कायद्याची रचना साधारण अशीच आहे. कॅसेटच्या काळात जुन्या चित्रपटगीतांच्या इतर गायकांनी गायलेल्या स्वस्त 'व्हर्जन' आवृत्त्यांनी बाजार व्यापला होता. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये कलम ३१-क (इंग्रजी क्रमानुसार ३१-सी) समाविष्ट झाले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले त्या वर्षअखेरीपासून पाच वर्षे उलटल्याशिवाय अशी आवृत्ती काढता येत नाही. दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे शुल्क द्यावे लागते आणि मूळ कलाकारांविषयी दिशाभूल होईल असे वेष्टन चालत नाही.

या व्यवहारात मोठ्या रकमाही गुंतलेल्या आहेत. मँचेस्टरचे ध्वनिमुद्रण बाजारात आले त्याच महिन्यात कॉलिन्स, बँक्स आणि रदरफोर्ड यांनी आपले हक्क काँकॉर्ड या कंपनीला विकल्याचे जाहीर झाले. हा व्यवहार ३० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा असल्याचे वृत्त होते. गॅब्रिएल आणि हॅकेट त्यात सहभागी नव्हते.

जेनेसिसने आपल्या अखेरच्या दौऱ्यात १९७० च्या दशकातील दीर्घ रचनांचे काही तुकडेच घेतले. 'फर्थ ऑफ फिफ्थ'चा एक भाग होता. हॅकेट यांची गिटार तेथे डॅरिल स्टर्मर यांनी वाजवली. प्रकृतीमुळे कॉलिन्स खुर्चीत बसून गात होते आणि त्यांचे पुत्र निक ड्रमवर होते. २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये त्या बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला. 'सपर्स रेडी' संपूर्ण ऐकायची इच्छा असलेल्यांना त्या काळात तिकीट हॅकेट यांच्या कार्यक्रमाचेच काढावे लागत होते.

हॅकेट यांनी हा क्रम पुढे चालू ठेवला आहे. 'फॉक्सट्रॉट'ला ५० वर्षे झाल्यानिमित्त ब्रायटनमधील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये आले. 'द लॅम लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'मधील निवडक गाणी त्यांनी २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर केली आणि तो संग्रह २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.