तारीख नसलेलं पत्र

संशोधनात जमवाजमव करायला मजा येते आणि नोंदी ठेवायचा कंटाळा येतो. माझंही तेच झालं. पहिल्या वर्षी मी इंद्रायणीच्या पाण्याचे नमुने घेतले आणि देहूरोडला घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. बाटल्यांवर तारीख होती, पण घाटाचं नाव नव्हतं. शेवटी सगळं पाणी ओतून द्यावं लागलं. असं तुमचं होऊ नये म्हणून एका वेड्या संग्राहकाबद्दल सांगतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (मृत्यू १९२६) यांनी गावोगाव हिंडून घराघरांतली मोडी दफ्तरं शोधली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

पण पत्र हाती आलं म्हणजे पुरावा मिळाला का? नाही. समजा, पत्रावर ‘छ ९ जमादिलाखर, इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्या महिन्याची नववी तारीख. पुढचे शब्द अरबी आकडे आहेत: १ + ६० + १०० + १००० = ११६१. हा शुहूर सन. तो मे-जूनच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. त्या वर्षी जमादिलाखर जानेवारीत आला होता. म्हणून हे पत्र जानेवारी १७६१ चं, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या आसपासचं!

आता त्यातलं वर्षच लिहिलेलं नसेल तर? अशीही पत्रं खूप सापडतात. मग मजकुरातली माणसं, घटना, आणि कागद कोणत्या दफ्तरातून आला, यावरून वर्ष ठरवावं लागतं. दफ्तराची नोंदच हरवली, तर हा शेवटचा धागाही तुटतो.

आपल्या बाटल्यांचं, फोटोंचं, एक्सेल फायलींचंही असंच आहे. कुठून, कधी, कोणी, कसं: या चार गोष्टी नमुना घेतानाच लिहा. ‘नंतर लिहू’ म्हणालात, की तुमचा नमुना तारीख नसलेलं पत्र झालाच म्हणून समजा. आणि त्याचं वर्ष शोधायला राजवाडे येणार नाहीत.