काड्या वाटण्यापूर्वी

प्राथमिक वर्गांत नागरिकशास्त्र शिकविताना आपण बहुधा वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेऊन थांबतो. मतदान हा निर्णयाचा शेवट होय. त्याआधीची चर्चा शिकवायची राहते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या सभापद्धतीचे स्मरण करून दिले होते. विनयानुसार संघकार्यास किमान चार भिक्खू लागत. उपसंपदेचा ठराव एकदा मांडून तीनदा विचारणा होई. ज्याला अमान्य, त्याने बोलावे, मौन ही संमती. वाद मिटेनाच, तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत मोजीत.

पाचवीच्या मुलांना हे सहज जमते. रविवारी वरण-बट्टी की शेवभाजी, एवढा विषय पुरतो. मात्र लहानांचे मौन संमती समजू नये. आईवडील ऊसतोडीस गेलेले, नुकतेच वसतिगृहात आलेले मूल भीतीनेही गप्प असते. म्हणून तिसरी विचारणा त्याच्याजवळ बसून करावी.

काही प्रश्न मताला टाकायचेच नसतात. पंगतीत कोणाशेजारी बसायचे नाही, संडाससफाई कायम कोणी करायची, असा ठराव सगळ्या वर्गाने मांडला तरी काड्या वाटू नयेत. संविधानाचे १७ वे कलम काढून मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.