चट्टा आहे, पण स्पर्श कळत नाही? जवळच्या आरोग्य केंद्रात जा

सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना कुष्ठरोग म्हटलं की मिरज आठवते. तिथल्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाचं नाव दूरवर गेलेलं. त्यामुळे हा आजार झाला की गुपचूप मिरजेला जायचं, असा समज अजून घराघरांत आहे. खरं तर २००० नंतरच्या काही वर्षांत कुष्ठरोगाचं काम वेगळ्या यंत्रणेकडून सर्वसाधारण आरोग्यसेवेत आणलं गेलं. आता तपासणी आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळतं, तेही मोफत.

पण जवळची सोय म्हणजे ओळखीची माणसं. रांगेत शेजारीण, आशाताई मोहल्ल्यातलीच. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर आई चट्ट्याला मलम लावत वर्ष काढते. ही भीती आम्हाला खोटी वाटत नाही, पण तिची किंमत फार मोठी आहे. या जंतूचा मारा नसांवर असतो, आणि एकदा बोटं वाकली की नुसत्या गोळ्यांनी ती सरळ होत नाहीत.

लक्षण सोपं आहे. फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, आणि डोळे मिटून त्यावर कापूस फिरवला तर कळत नाही. हातापायांना मुंग्या येणं, पायातून चप्पल निसटली तरी न समजणं, हेही लक्षात घ्या. कोड वेगळं, त्या पांढऱ्या डागावर स्पर्श नीट कळतो.

पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील किंवा एकाहून अधिक नसा बाधित असतील तर १२ महिने गोळ्या. महिन्याचं पाकीट मिळतं. महिन्यातून एकदाचा मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. त्यानंतर लघवी लालसर होते, घाबरायचं कारण नाही. काही महिन्यांत कातडी काळवंडते, औषध संपल्यावर हळूहळू निवळते. उपचार सुरू झाला की रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच उरत नाही. मग वेगळं ताट कशाला, आणि सफमध्ये वेगळी जागा तरी कशाला?

रमजानमध्ये गोळ्या बंद करू नका. रोजची गोळी इफ्तारनंतर घेता येते. महिन्याच्या डोसचा दिवस रोज्यात येत असेल तर नर्सबाईंना आधीच सांगा. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहेच.

वुजूचा तर मोठा उपयोग आहे. पाय बधिर असतील तर काटा रुतलेला, फोड आलेला कळत नाही. पण आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो. तेव्हाच तळवा आणि घोटे न्याहाळले तर जखम त्याच दिवशी सापडते. थंडीत पाणी गरम आहे का ते बधिर हाताने नव्हे, कोपराने बघा. मऊ तळाची एमसीआर चप्पल केंद्रात मागा.

चट्टे एकदम सुजले, नस ठणकू लागली, हातातली ताकद गेली, तर औषध सोडू नका, त्याच दिवशी केंद्रात जा. ही रिअॅक्शन असते. वेळेत दुसरी औषधं मिळाली तर हात वाचतो. केंद्रातल्या कुणी “होईल बरं” म्हणून परत पाठवलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटल्याशिवाय हलू नका. ऊसतोडीला सातारा-सांगलीत आलेल्यांनी गावाकडचं उपचाराचं कार्ड जवळ ठेवावं. ते दाखवलं की इथल्या केंद्रात गोळ्या पुढे चालू राहतात.

१९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला विवाह मोडून मागण्याचं एक कारण होतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं, हिंदू विवाह कायद्यातूनही. आजार बरा होतो, हे कायद्याने मान्य केलं. सोयरीक जुळवणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

आणि घरात एकाला निदान झालं तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावं, लहान मुलांसकट. बाधा नसलेल्यांना बचावासाठी रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. तो कोणाला चालेल हे डॉक्टर ठरवतात.