लोकप्रतिनिधी कुणाचे? (भाग ६) : उसाचे दोन हप्ते

राजकारणात पैसा देणारा आणि घेणारा सहसा दोन वेगळी माणसं असतात. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात अनेक ठिकाणी तेवढंही अंतर उरलेलं नाही. आमदार हाच कारखान्याचा चेअरमन, नाहीतर त्याचा मुलगा तरी. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळवून द्यायचा ज्याने, तोच त्या उसाचा गिऱ्हाईक.

१९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, तेव्हा कल्पना होती की गिऱ्हाईकच शेतकऱ्याच्या मालकीचा असावा. कारखान्यांमागोमाग शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मालकी हळूहळू शेअरच्या कागदापुरती उरली.

याचा परिणाम कसा होतो, ते फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयात स्वच्छ दिसतं. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याजासह. राज्य सरकारने या एफआरपीचे दोन तुकडे केले. पहिला हप्ता पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के, इतरत्र साडेनऊ टक्के उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) धरून; उरलेले पैसे हंगाम संपून अंतिम उतारा ठरल्यावर.

आकडे मांडून पाहू. २०२१-२२ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला टनाला २,९०० रुपये एफआरपी होती आणि त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला २९० रुपये. कोल्हापूरकडे १२ टक्के उतारा सहज पडतो, म्हणजे टनाला ३,४८० रुपये. तोडणी-वाहतूक दोन्हीकडून सारखीच वजा होते, म्हणून ती बाजूला ठेवू. टनामागे ५८० रुपये मागे राहिले. ऐंशी टन ऊस घालणाऱ्याचे ४६,४०० रुपये कारखान्याकडे बिनव्याजी पडून. बिनव्याजी अशासाठी, की उशीर हाच नियम झाल्यावर त्याला उशीर म्हणायचं कुणी?

निर्णय महाविकास आघाडीच्या काळातला, पण नंतर आलेल्यांनीही तो मोडीत काढला नाही. शेतकरी नेते राजू शेट्टी हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. सत्ता बदलली, आमदारांनी बाकं बदलली, हप्ते मात्र तीन वर्षं तसेच. माझ्या मते ‘लोकप्रतिनिधी कुणाचे?’ या प्रश्नाचं याहून बोलकं उत्तर शोधायची गरज नाही.

कारखान्यांची बाजू अगदीच खोटी नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर अडकला, एफआरपी मात्र जवळपास दरवर्षी चढत गेली. बँकेकडून उचल घेऊनच पहिलं बिल निघतं. पण हे गाऱ्हाणं दिल्लीत मांडायचं होतं. तिथे चाललं नाही म्हणून भार बांधावर ढकलला, कारण बांधावरचा माणूस ओरडत नाही.

का ओरडत नाही? तोडणीची टोळी कुणाच्या शेतात कधी जाणार, हे कारखाना ठरवतो. सभेत उभं राहून हिशेब विचारणाऱ्याचा ऊस मार्चअखेरपर्यंत फडातच राहू शकतो. तुरे येतात, वजन घटतं, कारखान्याचा चिटबॉय (उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस) फोन उचलत नाही. यासाठी कुणाला धमकी द्यावी लागत नाही. मत देताना गावकरी हेही मोजतो, आणि त्यात त्याला बावळट म्हणण्यासारखं काही नाही.

म्हणून इथे आमदार विकला गेला का, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याला विकत घ्यायची गरजच पडत नाही. तो दोन खुर्च्यांवर बसलेला असतो, आणि भांडण लागलं की कारखान्याची खुर्ची जिंकते.

तुम्ही सभासद असाल तर यंदाच्या वार्षिक सभेआधी अहवाल नीट वाचा आणि तोडणी-वाहतुकीचा टनामागचा खर्च शेजारच्या कारखान्याशी ताडून पाहा. प्रश्न लेखी द्या, आणि एकट्याने नव्हे, दहाजणांच्या सहीने द्या.