सातबाऱ्यावरील ‘कुळा’चा इतिहास

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरात जुन्या शेतजमिनीचा व्यवहार होताना सातबाऱ्यावरील ‘कूळ’ हा शब्द आजही निर्णायक ठरतो. त्यामागे खंड, वेठ आणि बेदखली यांविरुद्धचा प्रदीर्घ संघर्ष आहे.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर २३ मे रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील झरी येथे सुमारे पाच हजार वारली आदिवासींनी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांची वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाडा येथील गोळीबारात पाच जणांचा बळी गेला.

१९४८ च्या कूळकायद्याने खंडाला मर्यादा घातली. पुढे १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. मात्र ज्यांची नोंदच नव्हती, किंवा ज्यांनी ‘स्वखुशीने’ कब्जा सोडल्याचे कागद झाले, ती कुळे हक्काला मुकली.

अशी जमीन विकण्यास कलम ४३ नुसार परवानगी लागते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विक्री करता येते. इमारतींच्या या पट्ट्यात म्हणूनच जुने फेरफार पाहिल्यावाचून जमिनीचा खरा हक्कदार कळत नाही.